धंदेशिक्षण आणि पाठीराखा

महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास शेतकऱ्याच्या घरची स्थिति दप्तरांतून फार स्पष्ट दिसते. बारा एकरांचा खातेदार निवर्तला, तीन वारसांचीं नांवें लागलीं, कीं प्रत्येकाच्या वांट्यास चार एकर येतात. पुढच्या पिढींत त्याच चारांचे दोन दोन होतात. जमिनीचे तुकडे पडूं नयेत म्हणून 1947 सालीं कायदा झाला खरा. परंतु त्यानें तुकड्यावर जेवणारीं तोंडें कमी झालीं नाहींत. तेव्हां घरांतील एकानें जमीन पाहावी आणि दुसऱ्यानें एखादा हातचा धंदा करावा, हाच सरळ मार्ग उरतो. हा धंदा मुलास कोठें शिकतां येईल आणि शिकल्यावर तो कशानें टिकेल, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पुणें शहरांत शिकण्याची सोय नाहीं, असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. शिवाजीनगर येथील कृषि महाविद्यालय 1907 सालापासून चालू आहे. औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत कारखानदारीस लागणारीं कामें शिकवितात. 1961 च्या शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यान्वयें ठराविक आकाराच्या कारखान्यांस उमेदवार घ्यावे लागतात व शिकतांना त्यांस विद्यावेतनहि मिळतें.

परंतु खेड्यांत राहूनच धंदा करूं इच्छिणाऱ्या मुलाच्या दृष्टीनें अधिक विचार करण्याजोगें उदाहरण पाबळचें आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेंत अन्नशास्त्राचें उच्च शिक्षण घेतलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागांतील काम सोडून त्यांनीं 1983 सालीं शिरूर तालुक्यांतील पाबळ या अवर्षणग्रस्त गांवीं विज्ञान आश्रम काढला. शाळेंत मागें पडलेल्या मुलासहि तेथें घेतात. वर्षभर तेथेंच राहून मुलें लोखंडकाम व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चारही शाखांत हात फिरवितात. विशेष हा कीं, गांवास हवीं असलेलीं खरीं कामें करूनच तें शिक्षण होतें. विहीर कोठें खणावी हें ठरविण्यास जमिनीचा विद्युत्-रोध मोजावा लागतो; तेंहि काम तेथील मुलांनीं केलें आहे. सरावासाठीं केलेलें फाटक भंगारांत जातें. गिऱ्हाइकासाठीं केलेलें फाटक वाकडें झाल्यास पुन्हां करून द्यावें लागतें. हा धडा नुसत्या पुस्तकानें मिळत नाहीं. डॉ. कलबाग 2003 सालीं निवर्तले, तरी त्यांचें कार्य चालू आहे.

एवढें होऊनहि मुलगा कित्येकदां पहिल्या वर्षांतच खचतो. माझ्या माहितीच्या, हवेली तालुक्यांतील एका तरुणानें वेल्डिंग उत्तम शिकून रस्त्याच्या कडेस दुकान थाटलें. वडिलांच्या जमिनीवर कर्ज काढलें, म्हणजे सात-बाराच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढला. काम भरपूर येई, पण हप्ता निघेना. तो लोखंड व वेल्डिंगच्या काड्या धरून किंमत सांगे. वीज, टेंपोचें भाडें आणि स्वतःची मजुरी त्यांत धरीत नसे. सोयरेधायरे उधारीवर माल नेत, त्यांस मागण्याचा त्यास संकोच वाटे. दुकान मोडून शहरांत पहारेकऱ्याची नोकरी धरावी, आणि बोजा फेडण्यास वडिलांनीं एक एकर विकावा, इतक्यावर गोष्ट आली होती.

त्याच गांवांतील एका सेवानिवृत्त फोरमननें त्यास हात दिला. पैसा दिला नाहीं. दर रविवारीं येऊन शेजारीं बसत. अर्धी रक्कम आल्यावांचून लोखंड कापावयाचें नाहीं, उधारीची वही निराळी ठेवावयाची आणि भाव सर्वांस एकच, असे तीन नियम त्यांनीं घालून दिले. बँकेंत जाऊन हप्त्यांस थोडी मुदतहि मिळवून दिली. तिसऱ्या वर्षीं बोजा उतरला. एकर शाबूत राहिला.

असें साह्य दैवावर सोडण्याचें कारण नाहीं. भारतीय युवा शक्ति ट्रस्ट ही संस्था 1992 सालीं निघाली, जे. आर. डी. टाटा तिचे पहिले अध्यक्ष होते. नव्या धंदेवाल्या तरुणास कर्ज मिळवून देण्यास मदत करावी आणि त्याबरोबर एक अनुभवी मार्गदर्शकहि द्यावा, अशी तिची पद्धत असून पुण्यांतहि तिनें काम केलें आहे. कर्जाइतकेंच महत्त्व माणसास दिलें, हें यांतील मर्म होय.

शेतकरी बंधूंनीं आपल्या संघामार्फत हें सहज करण्याजोगें आहे. प्रत्येक गांवांतून धंद्याचा अनुभव असलेल्या दोन-चार सभासदांचीं नांवें घ्यावींत व नुकताच शिकून आलेला एकेक मुलगा वा मुलगी त्यांच्याकडे सोंपवावी. पाठीराख्यानें पंधरवड्यास एकदां भेटावें, वही पाहावी, पहिलीं चार गिऱ्हाइकें ओळखीनें आणून द्यावींत आणि बँकेंत बरोबर जावें. मात्र त्यानें स्वतः पैसे उसने देऊं नयेत, दिल्यास भेटी टळूं लागतात; आणि मुलाच्या धंद्याचा कारभार आपल्या हातीं घेऊं नये. निदान दोन वर्षें हा क्रम चालावा.

यास वर्गणी लागत नाहीं. वेळ मात्र लागतो, आणि तो आम्हां पेन्शनरांपाशीं पुष्कळ आहे. वह्या तपासण्याचें काम तर आमच्या हातांत मुरलेलें आहे. संघाच्या पुढील सभेंत हा विषय चर्चेस घ्यावा, अशी चालकांस नम्र विनंती आहे.