प्रोसेसर 'जास्त शिकलेला' निघाला म्हणून जुनी विंडोज अडते, तेव्हा एम्युलेटर काय करतो?

शिवाजी उद्यमनगर म्हटलं की कोल्हापूरकरांना लेथ, फाउंड्री आणि कास्टिंग आठवतं. समजा, इथल्याच एका कारखान्यात पंचवीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आहे. त्यात विंडोज एनटी ४ आणि फक्त त्यावरच चालणारं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर. जुन्या साच्यांची सगळी मापं त्यातच. एक दिवस तो कॉम्प्युटर कायमचा बसला. हार्ड डिस्क वाचली, पण नव्या कॉम्प्युटरवर ती विंडोज काही सुरू होईना.

नवा प्रोसेसर तर जुन्यापेक्षा कैक पटीनं भारी. मग घोडं अडलं कुठं?

कारणं बरीच असू शकतात. पण त्यातलं एक ऐकून हसू येईल. नवा प्रोसेसर स्वतःबद्दल जरा जास्तच माहिती सांगतो!

प्रोसेसरचं मेनू कार्ड

आपण हॉटेलात गेलो की आधी मेनू कार्ड बघतो. प्रोग्रॅमही तेच करतो. प्रोसेसरमध्ये 'सीपीयूआयडी' नावाची एक सूचना असते. ती चालवली की प्रोसेसर आपल्याला काय काय येतं ते सांगतो.

हा मेनू वर्षागणिक वाढत गेला. १९९७ मध्ये एमएमएक्स आलं, १९९९ मध्ये पेंटियम ३ सोबत एसएसई, २०११ मध्ये एव्हीएक्स. फोटो, व्हिडिओ आणि आकडेमोडीची कामं झटपट करणाऱ्या या सूचना.

कार्डात नसलेली सूचना प्रोग्रॅमनं मागितली, तर प्रोसेसर सरळ नकार देतो आणि प्रोग्रॅम तिथंच बंद पडतो. म्हणून शहाणा प्रोग्रॅम आधी कार्ड बघतो. एव्हीएक्स नसेल तर साध्या सूचनांवर भागवतो. वेळ लागतो, पण काम होतं.

एनटी ४ ची गोष्ट उलटी. ही विंडोज १९९६ ची. तेव्हा कार्ड दोन-तीन पानांचं होतं. पुढच्या प्रोसेसरनी जाडजूड कार्ड समोर ठेवलं आणि ती गडबडली. म्हणूनच त्या काळच्या कित्येक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये पानांची संख्या कमी सांगायचा खास पर्याय असायचा.

मग एम्युलेटर काय करतो?

एम्युलेटर म्हणजे सॉफ्टवेअरनं उभा केलेला खोटा कॉम्प्युटर. 'बॉक्स' हा त्यातला जुना आणि नावाजलेला. केविन लॉटन यांनी तो लिहिला. २००० मध्ये मॅन्ड्रेकसॉफ्ट कंपनीनं तो विकत घेऊन सगळ्यांसाठी खुला केला.

पूर्वी यात प्रोसेसरचे गुण एम्युलेटर तयार करतानाच ठरायचे. एमएमएक्स हवं की नको, हे बदलायचं तर अख्खा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करा. म्हणजे गिऱ्हाईक बदललं की स्वयंपाकघर पाडून नवं बांधा!

नंतर ही निवड सेटिंगच्या फाइलमध्ये आली. एक ओळ बदलायची आणि एम्युलेटर परत सुरू करायचा. आज पेंटियम, उद्या कोअर आय ७. एनटी ४ साठी कार्डाची पानं कमी दाखवायचा पर्यायही तिथंच आहे.

नुसतं कार्ड बदलून भागत नाही

कार्डावर नाही आणि स्वयंपाकघरातून मात्र येतंय, असं चालत नाही. म्हणून बॉक्स सुरू होतानाच सूचनांचा तक्ता बनवतो. निवडलेल्या प्रोसेसरला न येणाऱ्या सूचनांपुढं 'नकार' लिहून ठेवतो. प्रत्येक सूचनेला पुन्हा तपासत बसावं लागत नाही, त्यामुळे वेगही जात नाही.

शिवाय गुण एकमेकांवर अवलंबून असतात. मटण शिजवल्याशिवाय पांढरा रस्सा कुठला? तसंच एक्ससेव्ह बंद ठेवून एव्हीएक्स मागितलं, तर बॉक्स सुरुवातीलाच चूक दाखवतो.

आणि ही निवड सुरू करतानाच करायची. विंडोज बहुतेक कार्ड एकदाच वाचते. मध्येच पदार्थ काढून घेतला, तर ती जुन्या भरवशावर तो मागणार आणि कोसळणार.

आपल्याला काय उपयोग?

बॉक्स प्रत्येक सूचना स्वतः वाचून चालवतो. त्यामुळे तो खऱ्या प्रोसेसरपेक्षा बराच हळू आहे. पण त्याचमुळे मालकाच्या प्रोसेसरला न येणारे गुणही तो पाहुण्याला देऊ शकतो. इंजिनिअरिंगच्या पोरानं जुन्या लॅपटॉपवर एव्हीएक्सचा कोड लिहिला, तर नवं मशीन न घेता तो बरोबर चालतो का ते तपासता येतं.

आणि उद्यमनगरातला तो कारखाना? त्याच्यासाठी कार्डाची पानं कमी करणारी एक ओळ हा विंडोज सुरू होण्यातला एक मोठा अडथळा दूर करते. बाकीचे अडथळे सुटले, की साच्यांची मापं पुन्हा स्क्रीनवर दिसू शकतात. मात्र त्यासाठी हार्ड डिस्कची कॉपी आधीच काढून ठेवलेली बरी. प्रोसेसर खोटा उभा करता येतो, हरवलेली मापं नाही.