देव्हाऱ्यातून काचेत: जुन्या गोव्यातलं संग्रहालय
(घाटनांदूर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, गोव्याला जाऊन आलेले इथं बरेच असतील. जुन्या गोव्यात बॉम जेझूचं चर्च सगळे बघतात. तिथून टेकडीवरच्या सांता मोनिका मठापर्यंत मात्र थोडेच जातात. जोगिणींचा हा मठ १६०६ ते १६२७ या काळात बांधला. पुढं आगीत जळाला, पुन्हा उभा राहिला. त्यात आज ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ते १९९४ला राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, २००२ला इथं आलं आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ला पुन्हा उघडलं.

आत गेलात की पेलिकन शोधा. चांदीनं मढवलेला हा पक्षी याच मठातला. पिल्लं उपाशी राहिली तर पेलिकन स्वतःची छाती चोचीनं फोडून त्यांना रक्त पाजतो, असं युरोपात मानत. म्हणून तो ख्रिस्ताचं प्रतीक. प्रसादाची पवित्र भाकरी त्याच्यात ठेवायचे. म्हणजे बघा, ही शोभेची वस्तू नव्हती. लोक तिच्यापुढं गुडघे टेकत होते.

हस्तिदंती मूर्तीही निवांत बघा. गोव्यात ही कामं करणाऱ्यांत हिंदू कारागीरही होते. त्यांच्याकडून अशी कामं करून घेऊ नयेत, असं चर्चनं बजावलं होतं; तरी घेतली जात. हातातलं कसब कुठं नेणार?

आता अवघड प्रश्न. देव काचेत ठेवावा का? बघताना मलाही चुकचुकल्यासारखं होतं. पण काच असूनही धोका टळत नाही. २०१२च्या जानेवारीत याच संग्रहालयात दरोडा पडला, पहारेकऱ्याचा जीव गेला.

मग आपल्याकडं बघा. धर्मापुरीचं केदारेश्वर मंदिर इथून जवळच. चालुक्यांच्या काळातलं. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी उघड्यावर ऊनपाऊस झेलतायत. आणि गावोगावी भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही म्हणून पारावर, नाहीतर ओढ्याकाठी. शेंदूर लागला तर निदान कोणाचं तरी लक्ष असतं. नाही लागला, तर एके दिवशी ती जागेवर नसते. तिचा फोटोही कोणाकडं नसतो.

म्हणून सांगतो, आधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, आणि ग्रामपंचायतीत नोंद ठेवा. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. तो कायदा १८७८चा आहे.