विजेचा हिशेब

विजेचे बिल घरात आले की पहिला ठपका बहुधा दिव्यावर येतो. दिवा डोळ्यांना दिसतो. तो कोणी विझवला नाही, हेही दिसते. परंतु दिसणारा खर्च आणि प्रत्यक्ष होणारा खर्च यांत पुष्कळ अंतर असते. ते जाणण्यास कागद, पेन्सिल आणि थोडा गुणाकार पुरतो.

बहुतेक उपकरणांवर त्यांची शक्ती वॉटमध्ये लिहिलेली असते. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. म्हणून वॉटांना तासांनी गुणावे व 1000 ने भागावे. महाराष्ट्रातील एखादे चौघांचे घर उदाहरणादाखल घ्यावे. तेथे 9 वॉटचे 5 एलईडी दिवे रोज 5 तास जळतात. त्यांना पाव युनिटही लागत नाही. 75 वॉटचे 3 पंखे प्रत्येकी 8 तास फिरतात, त्यांचे 1.8 युनिट. फ्रिजचे गणित असे सरळ नाही, कारण त्याचे यंत्र दिवसभर आपोआप चालू-बंद होत असते. त्याच्यावर ताऱ्यांची जी चिठ्ठी असते, तिच्यावर वर्षाची युनिटे छापलेली असतात. ती 219 असतील, तर रोजचे 0.6 युनिट झाले. टीव्ही व इतर किरकोळ वस्तूंना पाव युनिट धरावे.

राहिले स्नानाचे पाणी. पाणी तापण्यास फार उष्णता लागते. 20 लिटर पाणी 20 अंश सेल्सिअसने तापवण्यास जवळजवळ अर्धे युनिट खर्च होते. तेवढ्या विजेवर 9 वॉटचा एक दिवा दोन अहोरात्र जळेल! रोज अशा तीन बादल्या लागल्या, तर दीड युनिट झाले. म्हणजे पाचही दिव्यांच्या साडेसहापटींहून अधिक. विसरलेल्या दिव्यापायी मुलांना बोलणी बसतात, गीझरचे मात्र कोणी नावही काढीत नाही.

एकूण बेरीज दिवसाला सुमारे 4.4 व 30 दिवसांची सुमारे 131 युनिट होते. लागोपाठ दोन दिवस एकाच वेळी मीटर वाचून हा अंदाज पडताळावा. फरक मोठा आला, तर एखादे उपकरण मोजायचे राहिले असे समजावे.

महावितरणच्या घरगुती दरपत्रकात पहिली 100 युनिटे स्वस्त व त्यापुढील बरीच महाग असतात. स्थिर आकार तर काहीही न वापरता द्यावा लागतो. म्हणून वरची 31 युनिटेच बिल फुगवतात. तेच तीन पंखे 30 वॉटचे बसवले, तर महिन्याला 32 युनिटे वाचतात आणि महाग टप्पा टळतो.

पैशांखेरीज आणखी एक खर्च आहे. तो बिलात येत नाही. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात एका युनिटासाठी अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. कोयनेच्या विजेला कोळसा लागत नाही. पण तारेतून आलेली वीज कोठली, हे ओळखता येत नाही. त्यामुळे देशाची सरासरी धरतात : युनिटामागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. कोळशातील 12 किलो कार्बन हवेतील 32 किलो ऑक्सिजनशी संयोग पावून 44 किलो वायू होतो, म्हणून हे वजन एवढे भरते. या हिशेबाने 131 युनिटांचा वायू सुमारे 92 किलो होतो. त्यांपैकी साडेएकतीस किलो एकट्या स्नानाच्या पाण्याचा.