रानातली अळंबी ओळखताना

जमिनीवर दिसणारी अळंबी हे बुरशीचे फळ होय. बुरशीचे मुख्य शरीर म्हणजे तिचे तंतुमय कवकजाल. ते माती, पालापाचोळा किंवा कुजत्या लाकडात पसरलेले असते. पाऊस मुरून हवा दमट झाली की त्यातून छत्री वर येते, बीजाणू सोडते आणि काही दिवसांत सडून जाते. खाण्याजोग्या आणि विषारी जाती एकाच पावसात, कधी एकाच बांधावर उगवतात. म्हणून नवशिक्याने आधी एकच अळंबी पुरती ओळखायला शिकावे. महाराष्ट्र आणि गोव्यात त्यासाठी सर्वांत योग्य आहे ती वारुळावरची अळंबी.

गोव्यात ती ‘अळमी’ आणि विदर्भात ‘सात्या’ म्हणून विकली जाते. तिची प्रजाती टर्मिटोमायसिस. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे एम यांनी १९४२ मध्ये ती निश्चित केली. ही बुरशी वाळवीच्या आधाराने जगते. कामकरी वाळव्या वाळका पालापाचोळा खाऊन वारुळात आणतात आणि आपल्या विष्ठेचे सच्छिद्र पोळे रचतात. त्या पोळ्यावर बुरशी वाढते, लाकडातील कठीण द्रव्ये फोडते आणि वाळवीला अन्न पुरवते. पावसाळ्यात याच पोळ्यातून अळंबी जमीन फोडून वर येते. वाळवीशी असलेल्या या नात्यामुळेच बटण अळंबीप्रमाणे तिची व्यापारी लागवड करता येत नाही.

या नात्याचीच खूण तिच्या देठावर असते. मोठ्या छत्रीच्या जातींत देठ जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत थेट पोळ्यापर्यंत जातो. टोपीच्या मध्यावर टोकदार किंवा बोथट उंचवटा असतो; माती भेदण्याचे काम तो करतो. टोपीखालच्या पातळ पट्ट्या, म्हणजे कल्ले, दाट असतात आणि देठाला चिकटलेले नसतात. ते आधी पांढरे असून पुढे गुलाबीसर होतात. काही जातींत देठावर वलय असते, काहींत नसते. मात्र बुडाशी पिशवीसारखी वाटी कधीच नसते.

या वाटीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण अमानिटा प्रजातीतील प्राणघातक जातींची ती मोठी खूण आहे. अमानिटाची कोवळी अळंबी अंड्यासारख्या आवरणात असते. छत्री वर आली की आवरण फाटते आणि त्याचा उरलेला भाग देठाच्या बुडाशी राहतो. तो बहुधा मातीत गाडलेला असतो. अळंबी वरून खुडली तर तो जमिनीतच राहतो आणि ओळख चुकते. म्हणून तपासायचा पहिला नमुना सुरीने आजूबाजूची माती मोकळी करून बुडासकट काढावा. न उमललेल्या कळ्या नवशिक्याने घेऊच नयेत.

दुसरी फसवी जात क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. ती पावसाळ्यात हिरवळीवर आणि बागांत उगवते. टोपी मोठी, पांढरी, तपकिरी खवल्यांची आणि देठावर वलय असते. जुन्या छत्रीचे कल्ले हिरवट होतात. कोवळीत मात्र ते पांढरे असल्याने घोटाळा होतो.

अशा वेळी बीजाणूंचा ठसा उपयोगी पडतो. उमललेल्या छत्रीचा देठ कापून टोपी, कल्ले खाली करून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी आणि वर वाडगा पालथा घालावा. रात्रभरात कागदावर बीजाणूंची भुकटी पडते. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी, अमानिटाचा पांढरा, तर क्लोरोफायलमचा हिरवट उमटतो. मात्र इतर प्रजातींचे ठसेही गुलाबी असू शकतात. म्हणून जागा, देठ, बूड, कल्ले आणि ठसा या सर्व खुणा जुळल्या तरच ओळख पक्की समजावी. एक जरी खूण जुळली नाही, तरी अळंबी टाकून द्यावी.

घरगुती कसोट्यांवर मुळीच विसंबू नये. चांदीचा चमचा काळा पडणे, सोबत शिजवलेल्या लसणाचा किंवा तांदळाचा रंग बदलणे यांचा विषाशी संबंध नाही. किडीने किंवा गोगलगायीने खाल्लेली अळंबीही माणसाला मारक ठरू शकते. प्राणघातक अमानिटातील अमाटॉक्सिन शिजवल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही.

क्लोरोफायलमचा त्रास बहुधा १ ते ३ तासांत उलट्या-जुलाबांनी सुरू होतो. अमाटॉक्सिनची लक्षणे मात्र साधारण ६ ते १२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. मग रुग्णाला बरे वाटू लागते, पण त्याच काळात यकृताच्या पेशी मरत असतात. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानअळंबी खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला; त्यांत बहुतेक चहामळ्यांतील कुटुंबांतले होते. शंका येताच लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि उरलेली अळंबी सोबत न्यावी.

ओळख पक्की झाल्यावरही वारूळ खणू नये. पोळे मोडले तर वाळवी आणि बुरशी दोघींचाही निवारा जातो. पूर्ण उमललेल्या काही छत्र्या बीजाणू सांडण्यासाठी जागीच ठेवाव्यात. पुस्तकातील चित्रांवरून शिकण्याला मर्यादा आहेत. गावातील जाणत्या माणसाबरोबर पावसाळ्यामागून पावसाळे तीच अळंबी पाहत राहावे, आणि त्याने खात्री दिल्याखेरीज एकही छत्री चुलीवर चढवू नये.