पुस्तक मिटल्यावर काय उरते? : महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे वाचन

निवासी शाळेत वाढलेल्या मुलाच्या अभ्यासाची निम्मी जबाबदारी घंटेवर असते. पहाटे उठविणारी घंटा, वंदनेची घंटा, सायंकाळच्या अभ्यासिकेची घंटा. आणि अभ्यासिकेत पाठीमागून फेऱ्या मारणारे गुरुजी. या शिस्तीच्या बळावर बारावीला ७५-८० टक्के गुण मिळवून मूल शहरातील महाविद्यालयात जाते आणि पहिल्याच सत्रात दोन विषयांत 'एटीकेटी' घेऊन परतते. घरची माणसे म्हणतात, "शहराचे वारे लागले." मूल मनाशी म्हणते, "आपल्याला हे झेपणारे नाही." पहिले विधान बहुधा खोटे असते. दुसरे त्याहून घातक, कारण त्यापायी कित्येक मुले दुसऱ्या वर्षाचा प्रवेशच घेत नाहीत. मुलीच्या बाबतीत तर त्याच निकालाचे निमित्त करून घरात स्थळे पाहण्यास सुरुवात होते. बुद्धी तीच, मेहनत तीच, मग बिघडले कोठे? माझ्या मते वाचनाच्या पद्धतीत. शाळेत जे वाचन पुरते ते महाविद्यालयात पुरत नाही, आणि ही गोष्ट त्या मुलाला कोणी सांगितलेली नसते.

शाळेत एका विषयाला एक पुस्तक असते. धड्याच्या शेवटी स्वाध्याय असतो, म्हणजे प्रश्नही पुस्तकच विचारते आणि उत्तरही त्याच पानांत दडलेले असते. महाविद्यालयात हाती पडतो तो अभ्यासक्रमाचा एक कागद : चार घटकांची नावे आणि खाली संदर्भग्रंथांची यादी. प्रश्न कोणता, हे विद्यार्थ्यानेच शोधावयाचे. माझ्या विषयाचे उदाहरण देतो. शाळेत १८५७ च्या उठावाची राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक आणि तात्कालिक कारणे पाठ केली की भागते. महाविद्यालयात त्याच विषयावर दोन ग्रंथ समोर येतात. दोन्ही उठावाच्या शताब्दीच्या, म्हणजे १९५७ च्या वर्षी प्रसिद्ध झालेले. एक सुरेंद्रनाथ सेन यांचा, दुसरा रमेशचंद्र मजुमदार यांचा. धर्मरक्षणासाठी सुरू झालेला लढा पुढे स्वातंत्र्ययुद्धाच्या रूपाला गेला, असा सेन यांचा निष्कर्ष. त्याला राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हणण्यास मजुमदारांचा स्पष्ट नकार. आता 'खरे उत्तर' कोणते? पाठांतराच्या सवयीचा विद्यार्थी येथे गोंधळतो आणि बाजारातले गाईड विकत आणतो. गाईड त्याला पुन्हा पाच कारणांकडे नेऊन सोडते.

मग वाचावे कसे? या प्रश्नाला आपल्या समाजात एक ठरलेले उत्तर आहे : बाबासाहेब १८-१८ तास अभ्यास करीत. दरवर्षी जयंतीच्या व्यासपीठावरून आपण हे सांगतो आणि ते सांगितलेच पाहिजे. तथापि त्या आकड्याने सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला प्रेरणा मिळते त्यापेक्षा धाकच अधिक वाटतो, असे मी वर्गात पाहत आलो आहे. तासांचा हिशेब आपण ठेवला. त्या तासांत पुस्तकापुढे बसून बाबासाहेब नेमके काय करीत, हे पाहण्याचे मात्र बहुतेकांनी मनावर घेतले नाही. वास्तविक त्याचा लेखी पुरावा आपल्या हाताशी आहे.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. पंचविसावे वर्ष नुकतेच पूर्ण झालेले. हा निबंध १९१७ च्या मे महिन्यात 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि आज महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात आहे. सुमारे वीस पाने. हा एका विद्यार्थ्याने वर्गासाठी लिहिलेला निबंध आहे, हे लक्षात ठेवून ती पाने वाचावीत. वाचन म्हणजे काय, याचा एवढा उघड नमुना मला दुसरा माहीत नाही.

प्रारंभीच त्यांनी जातीच्या चार व्याख्या शेजारी-शेजारी मांडल्या आहेत : फ्रेंच अभ्यासक सेनार, इंग्रज अधिकारी नेसफिल्ड व रिस्ले, आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांचा जातिविषयक इंग्रजी ग्रंथ १९०९ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झाला होता. व्याख्या उतरवून बाबासाहेब थांबत नाहीत. प्रत्येकीला ते एकच प्रश्न विचारतात : तुम्ही सांगता ते लक्षण केवळ जातीचेच आहे काय? सेनार यांनी विटाळावर भर दिला; परंतु विटाळाची कल्पना पौरोहित्याच्या कर्मकांडातून येते, ती जातीचे खास लक्षण ठरत नाही. नेसफिल्ड यांनी रोटीबंदी सांगितली. परंतु गट स्वतःला बंद करून घेतो म्हणून बाहेरच्यांशी जेवण बंद होते, म्हणजे येथे परिणामालाच कारण समजले गेले. रिस्ले यांच्या व्याख्येत नवीन काही नाही, म्हणून तिची दोन ओळींत बोळवण. केतकरांचा ते आदराने उल्लेख करतात, कारण त्यांनी जातीकडे एका व्यवस्थेचा भाग म्हणून पाहिले. पण केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्मानेच सभासदत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्यांच्या ध्यानात येते. बाहेर लग्नच करू दिले नाही तर गटात जन्मलेल्यांखेरीज दुसरे कोण येणार? अशा रीतीने चाळत-चाळत हाती उरते ते एकच लक्षण : जातीअंतर्गत विवाह. पुढचा सारा निबंध त्या एका लक्षणावर उभा आहे.

यातून आपल्या विद्यार्थ्याने घ्यावयाचे ते असे. विषय कोणताही असो, एकाच ग्रंथावर विसंबू नये. निदान दोन लेखक समोरासमोर बसवावेत. वहीचे पान उभे दुमडावे. एका बाजूस पहिल्याचे म्हणणे, दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचे, दोन्ही आपल्या शब्दांत आणि प्रत्येकी दोन-तीन ओळींत. ज्याला दोन ओळींत म्हणणे सांगता येत नाही, त्याने ते प्रकरण अद्याप वाचलेले नाही, केवळ त्यावरून नजर फिरवली आहे. त्यानंतर विचारावे : यांचे जुळते कोठे, फाटते कोठे, आणि कोणी काय वगळले? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला महागाईच्या कारणांवर, समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला कुटुंबसंस्थेवर हे सहज करता येते. विज्ञान शाखेच्या मुलांना दोन मतांची गरज थोडी कमी. तेथे सूत्र कोठून आले ते कोऱ्या कागदावर स्वतः काढून पाहणे, हेच काम करते.

आता स्मरणाविषयी. आपली मुले एक प्रकरण चार-चार वेळा वाचतात, पिवळ्या मार्करने निम्मे पान रंगवितात आणि तरीही परीक्षागृहात पेन अडते. हा दोष मुलांच्या डोक्याचा नाही. विसरण्याची गती मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न जर्मनीच्या हरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून केला आणि १८८५ साली प्रसिद्ध केला : पाठ केलेल्यातील मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो, मग घसरण मंदावते. अलीकडे, २००६ साली, अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार सत्रे वाचला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचला आणि उरलेली तीन सत्रे उतारा न पाहता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वारंवार वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पारडे फिरले : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१. परीक्षेच्या आदल्या रात्री 'सगळे येते' असे का वाटते आणि पुढच्या सत्रात त्यातले काहीच का उरत नाही, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे.

म्हणून चार-पाच पाने वाचून झाली की पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. सुरुवातीस फार थोडे आठवते, त्याने खट्टू होऊ नये. आठवण्याची ती धडपड हाच अभ्यास होय. मग पुस्तक उघडून सुटलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरावेत. दुसऱ्या दिवशी नवीन पान उघडण्यापूर्वी कालचे पाच मिनिटे आठवावे, आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लावून जमविलेल्या दुसऱ्याच्या नोट्स हे काम करू शकत नाहीत. झेरॉक्स काढली की अभ्यास झाल्याचे समाधान तेवढे मिळते, तेही रुपया-दोन रुपये पानाने. मोबाईलमध्ये साठविलेल्या दोनशे पीडीएफची गोष्ट निराळी नाही.

यावर कोणी म्हणेल, हे तर पाठांतरच झाले. पाठांतराला आपण उगाच नावे ठेवतो. तथागतांची वचने लेखनात आली ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, श्रीलंकेत. तोपर्यंत भिक्खूंच्या पिढ्यांनी ती मुखाने जपली. दीघनिकाय जपणारे भाणक वेगळे, मज्झिमनिकाय जपणारे वेगळे, अशी कामाची वाटणी होती. आणि 'संगीति' या शब्दाचा अर्थच एकत्र म्हणणे असा आहे. एकाचे चुकले तर शेजारच्याच्या कानाला ते खटकणार. वसतिगृहाच्या खोलीत राहणाऱ्या तिघा-चौघांना ही युक्ती आजही वापरता येते. एकाने पुस्तकाशिवाय प्रकरण समजावून सांगावे, इतरांनी पुस्तक हाती धरून ऐकावे आणि शंका विचाराव्यात. मात्र शब्द पाठ झाले म्हणजे अर्थ कळला असे नव्हे. ऐकून आलेली, चिंतनातून आलेली आणि भावनेतून, म्हणजे अभ्यासाने मुरलेली, असे प्रज्ञेचे तीन प्रकार पाली ग्रंथांतच सांगितले आहेत. गटातील अभ्यास गप्पांत विरघळतो ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय एवढाच की बोलणाऱ्याची पाळी आणि प्रकरण आदल्या दिवशी ठरलेले असावे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलापुढील सर्वांत मोठा अडसर इंग्रजी ग्रंथांचा. येथे सरळ भिंतीवर डोके आपटू नये. विषयाची ओळख प्रथम मराठीतून करून घ्यावी. मराठी विश्वकोशातील नोंदी आता महाजालावर विनामूल्य वाचता येतात. भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश काढले आहेत. विषयाचा आराखडा मराठीतून मनात बसला की इंग्रजी प्रकरणातील निम्मे अनोळखी शब्द संदर्भानेच उलगडतात. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडूच नये. शीर्षके, पहिला व शेवटचा परिच्छेद पाहावा, लेखक कशाचे उत्तर शोधतो आहे ते हेरावे, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून पुढे जावे. जो शब्द तीन-चार वेळा आडवा येतो तोच पाहावा आणि तो ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासह वहीत उतरवावा. रोज पाच शब्द पुरेत. पहिले दोन महिने एका तासात तीन पाने होतील. होऊ द्यावीत.

ग्रंथालयाविषयी एक गोष्ट संकोच सोडून सांगितली पाहिजे. आपली पुष्कळ मुले ग्रंथपालाशी बोलण्यास बिचकतात. चिठ्ठीवर लिहिलेले पुस्तक नाही म्हटले की परत फिरतात. 'याच विषयावर दुसरे काही आहे का?' हे वाक्य त्यांना कोणी शिकविलेले नसते. ते शाळेतच शिकविले पाहिजे.

पालकांचे काम काय? "रात्री किती वाजेपर्यंत बसला होतास?" हा प्रश्न त्यांनी सोडून द्यावा. त्याऐवजी फोनवर किंवा सुट्टीत मूल घरी आल्यावर विचारावे, "आज काय वाचलेस ते मला सांग." जी आई शाळेची पायरी चढलेली नाही तिलाही हे करता येते, किंबहुना तिलाच ते अधिक चांगले करता येते. ती मध्येच "म्हणजे काय रे?" असे विचारते, आणि पाठ केलेले वाक्य तेथे उपयोगी पडत नाही, मुलाला आपल्या बोलीत, शेतातले किंवा बाजारातले उदाहरण देऊन समजवावे लागते.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, गावाकडून शिकायला आलेले एखादे मूल तुमच्याकडे जुन्या नोट्स मागावयास येईल. नोट्स देऊ नका. रविवारची एक दुपार त्याच्यासाठी काढा, त्याला घेऊन ग्रंथालयात बसा, खंडातील तो वीस पानांचा निबंध उघडा आणि त्या चार व्याख्यांपैकी पहिली त्याच्याकडून त्याच्या शब्दांत लिहून घ्या. उरलेल्या तीन तो पुढच्या रविवारी लिहून आणील.