विजेची गाडी आणि नाक्यावरचा मिस्त्री

वाहन कोणतेही असो, ते रस्त्यावर किती काळ चालणार हे केवळ कारखान्यात ठरत नाही. ते बिघडल्यावर जवळपास कोण भेटतो यावरही ठरते. बैलगाडी शतकानुशतके चालली, कारण तिचा आस मोडला तर गावात सुतार होता आणि चाकाची धाव निसटली तर लोहार होता. मोटारगाडी प्रथम आली तेव्हा ती संस्थानिकांची आणि धनिकांची मिरवण्याची वस्तू होती. पुढे नाक्यानाक्यावर गॅरेजे निघाली, काळ्या तेलाने माखलेल्या हातांचा मिस्त्री उभा राहिला, आणि मग ती सामान्य गृहस्थाच्या दारात आली. आता त्याच दारात विजेवर चालणारी गाडी येऊ लागली आहे. तिची दुरुस्ती करणारे हात तितक्याच वेगाने तयार होत आहेत काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी पाहू. २०२०-२१ या आर्थिक वर्षात साऱ्या भारतात विजेच्या मोटारगाड्या पाच हजारांच्या आसपास विकल्या गेल्या. २०२४-२५ मध्ये हा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. चार वर्षांत ही सुमारे वीसपट वाढ झाली. दुचाकी आणि तीनचाकी यांची संख्या तर याहून कितीतरी अधिक आहे. तथापि आज आपण मोटारगाडीपुरतेच बोलू. ही गाडी आता केवळ मुंबई-दिल्लीची राहिलेली नाही. बडोद्याजवळ हालोल येथे तिची निर्मिती होते. गोव्यात यापुढे नवी पर्यटक वाहने विजेचीच असावीत, अशी घोषणा तेथील मुख्यमंत्र्यांनी २०२३ मध्ये केली. तेव्हा बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबाद येथील मिस्त्रीनेही हा प्रश्न आपला मानला पाहिजे.

गाड्या वीसपट झाल्या म्हणजे मिस्त्रीही वीसपट हवेत, असा हिशेब कोणी मांडील. पण तो बरोबर ठरणार नाही. याचे कारण विजेच्या गाडीच्या रचनेत आहे. पेट्रोलच्या इंजिनात शेकडो भाग एकसारखे हलत, घासत आणि तापत असतात. म्हणून त्याला तेल लागते, तेलाची गाळणी लागते, ठिणगीचे प्लग लागतात, आणि हे सर्व ठराविक काळाने बदलावे लागते. विद्युत्-मोटरमध्ये फिरणारा मुख्य भाग एकच. तिला क्लच नाही, धुराडे नाही, इंजिनाचे तेल नाही. ब्रेकसुद्धा कमी झिजतात. कारण वेग कमी करताना तीच मोटर जनित्रासारखी उलट काम करते आणि गाडीच्या गतीतून वीज निर्माण करून बॅटरीत परत पाठविते. नेहमीच्या देखभालीचे काम त्यामुळे निश्चितच घटते.

मग उरते काय? चाके उरतात, आणि गाडी जड असल्यामुळे टायर थोडे लवकरच झिजतात. स्प्रिंगा, स्टिअरिंग, दिवे, थंडाव्याचे यंत्र ही सारी पूर्वीसारखीच आहेत. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून ते झिजण्याऐवजी गंजतात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर हा अनुभव लवकर येतो. दिवे आणि कुलपे चालविणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरीही बहुतेक गाड्यांत असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. ही सर्व कामे आजचा मिस्त्री थोड्या शिक्षणाने करू शकेल. खरा अडसर आहे तो गाडीच्या तळाशी बसविलेल्या मोठ्या बॅटरीचा, आणि तिच्याशी जोडलेल्या विद्युत्-यंत्रणेचा.

ही बॅटरी म्हणजे एकच वस्तू नव्हे. ती अनेक लहान घटांची मालिका असते. आपल्याकडील बऱ्याच गाड्यांत लोह आणि फॉस्फेट वापरलेले लिथियमचे घट असतात. अशा एका घटाचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट असतो. विजेरीत आपण दोन घट एकापुढे एक घालतो, तसे हे शंभर घट ओळीने जोडले की ३२० व्होल्टचा दाब तयार होतो. या मालिकेवर एक छोटा इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसविलेला असतो. प्रत्येक घटाचा दाब किती आणि ठिकठिकाणचे तापमान किती, याची तो अखंड नोंद घेतो. दिंडी जशी तिच्यातील सर्वांत थकलेल्या वारकऱ्याच्या चालीने चालते, तशी ही मालिका तिच्यातील सर्वांत दुबळ्या घटाच्या बेताने चालते. एक घट खालावला की पहारेकरी साऱ्या बॅटरीलाच आवर घालतो, आणि गाडी पूर्वीइतके अंतर कापीत नाही.

येथे दुरुस्तीचा कस लागतो. दुबळा घट कोणता हे शोधावयाचे, त्याचा गट सोडवावयाचा, आणि उरलेल्यांच्या वयाशी व क्षमतेशी जुळणारा गट त्या जागी बसवावयाचा. जुन्या घटांत नवा घट कसाही घालून चालत नाही. हे कौशल्य नसेल तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे सबंध बॅटरी बदलणे. आणि गाडीच्या किमतीचा एक-तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक भाग बहुधा एकट्या बॅटरीचाच असतो. म्हणजे घरात एक फरशी फुटली म्हणून सारे घरच नव्याने बांधण्यासारखा हा प्रकार होतो. मध्यमवर्गीय कुटुंबाला तो परवडणारा नाही.

भारतात विजेची गाडी अगदीच नवी आहे असे मात्र नाही. बंगळूर येथे तयार झालेली रेवा ही लहानशी गाडी २००१ मध्ये बाजारात आली. तिच्यात शिशाच्या आठ बॅटऱ्या असत. प्रत्येकी ६ व्होल्टची, म्हणजे सर्व मिळून ४८ व्होल्ट. बॅटरीच्या साध्या दुकानदाराला ती समजण्यासारखी होती, आणि तिच्या विजेचा धक्काही सहसा जीवघेणा नव्हता. ४८ व्होल्टपासून ३२० व्होल्टपर्यंतचा हा प्रवास मिस्त्रीच्या दृष्टीने फार मोठा आहे. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते आणि तिला आपण योग्य ते भय बाळगतो. गाडीतील वीज त्याहून अधिक दाबाची आणि एकाच दिशेने वाहणारी असते. खटका बंद करताना तिची ठिणगी सहज विझत नाही आणि तिचा धक्का प्राण घेऊ शकतो.

म्हणूनच या कामाला एक शिस्त आहे. जास्त दाबाच्या तारांना नारिंगी रंगाचे वेष्टन असते. तो रंग दिसला की अशिक्षित हाताने थांबावयाचे. शिकलेल्या माणसानेही आधी गाडी बंद करून किल्ली दूर ठेवावयाची, छोट्या बॅटरीची तार सोडावयाची, मग विद्युत्-रोधक हातमोजे घालून मोठ्या बॅटरीचा विच्छेदक काढावयाचा. त्यानंतर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली मिनिटे स्वस्थ थांबावयाचे. कारण तार तुटली तरी यंत्रणेत थोडी वीज साठून राहते. शेवटी मीटरने खरोखर दाब शून्य झाला आहे याची खात्री करावयाची, आणि मगच पाना हातात घ्यावयाचा. एवढे करूनही बॅटरीच्या पेटीच्या आत वीज असतेच. ती कधी बंद होत नाही. इंजिनाच्या कामात चूक झाली तर सामान वाया जाते. या कामात चूक झाली तर माणूस जातो. ‘करता करता शिकेल’ ही गॅरेजातील जुनी परंपरा येथे चालणार नाही, ती एवढ्याचसाठी.

आता कोणी विचारील, आपले मिस्त्री हे शिकतील काय? मला त्याविषयी शंका नाही. सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले आणि कार्ब्युरेटर मागे पडून त्याच्या जागी संगणकाने नियंत्रित होणारी इंधनयंत्रणा आली. तेव्हाही नाक्यावरचे गॅरेज आता बंद पडणार असे पुष्कळांनी म्हटले होते. पुढे २०१० नंतर बिघाडाची नोंद स्वतःच ठेवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने नव्या गाड्यांत आली. मिस्त्रींनी ती नोंद वाचणारे छोटे यंत्र विकत घेतले, एकमेकांकडून विद्या घेतली, आणि त्यांची गॅरेजे चालू राहिली. शाळेत शेवटच्या बाकावर बसणारा, व्याकरणात जेमतेम उत्तीर्ण होणारा, पण मोडलेले कुलूप अर्ध्या तासात चालू करून देणारा मुलगा प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला आहे. या देशात हातांच्या बुद्धीचा तुटवडा नाही.

तुटवडा आहे तो विद्येच्या दारांचा. कित्येक गाड्यांतील बिघाडाची संपूर्ण माहिती केवळ उत्पादकाच्या यंत्रालाच वाचता येते. नवा भाग बसविला तरी उत्पादकाच्या संगणकाने त्याला मान्यता दिल्याशिवाय तो काम करीत नाही, असेही घडते. यात सुरक्षिततेचा विचार नाही असे नाही. अर्धशिक्षित माणसाने बॅटरी उघडू नये हे योग्यच आहे. परंतु रीतसर शिकलेल्या आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मिस्त्रीलाही दार बंदच राहणार असेल, तर ती सुरक्षितता नसून मक्तेदारी होय. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून २०१२ मध्ये कायदा केला. २०२० मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने त्याची व्याप्ती बिनतारी माहितीपर्यंत वाढविली. उत्पादक त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि वाद वर्षानुवर्षे चालला. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक संकेतस्थळ उघडले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. त्यावर माहिती देणे हे उत्पादकांच्या सहकार्यावर अवलंबून आहे. हक्काला कायद्याचा पाठिंबा मिळणे अगत्याचे आहे.

या साऱ्याला एक मुदतही आहे, आणि ती फारशी दूर नाही. २०२० च्या जानेवारीत आपल्याकडे विजेच्या मोटारगाड्यांचा खरा प्रसार सुरू झाला. त्यांतील सर्वांत खपाच्या गाडीच्या बॅटरीला आणि मोटरला आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची, यांपैकी जी मर्यादा आधी येईल तिची, हमी होती. म्हणजे त्या पहिल्या गाड्यांची हमी २०२८ मध्ये संपेल. भाड्याने धावणाऱ्या गाड्यांची त्याआधीच. आजपर्यंत मोठा बिघाड झाला की मालक विक्रेत्याच्या दाराशी जातो आणि खर्चाचा भार बहुधा उत्पादकावर पडतो. हमी संपली की तो भार मालकाच्या खिशावर येईल. अशा गाड्या प्रथम थोड्या असतील; पण विक्री ज्या वेगाने वाढली त्याच वेगाने, आठ वर्षांच्या अंतराने, त्यांची रांग लांबत जाईल. आज दुरुस्तीची सेवा पुरेशी वाटते, कारण आजच्या बहुतेक गाड्या तरुण आहेत. म्हाताऱ्या माणसांना वैद्य अधिक लागतो, तसेच हे आहे.

या मुदतीच्या आत काय होऊ शकेल? पाया घातलेला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी विजेच्या वाहनांच्या दुरुस्तीचा दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम तयार झाला आहे. पण नवे विद्यार्थी घडविणे हा अर्धाच भाग झाला. वीस-वीस वर्षे गॅरेज चालविणारा मिस्त्री दोन वर्षे वर्गात येऊन बसू शकत नाही. त्याच्या घरची चूल रोजच्या कामावर पेटते. त्याच्यासाठी संध्याकाळचे, काही आठवड्यांचे वर्ग त्याच्याच शहरात आणि त्याच्याच भाषेत निघाले पाहिजेत. मराठी, कन्नड, हिंदी, गुजराती अशा भाषांत सुरक्षिततेची पुस्तिका असली पाहिजे. हातमोजे, रोधक हत्यारे आणि मीटर ही महाग साधने एकेका गॅरेजाने घेण्याऐवजी पाच-दहा गॅरेजांनी सहकाराने घ्यावीत. सहकाराची परंपरा आपल्या भागाला नवी नाही.

ग्राहकाचेही काही कर्तव्य आहे. गाडी घेताना रंग आणि किंमत विचारावी, त्याबरोबर बॅटरीचा एक गट बदलून मिळतो की संपूर्ण बॅटरीच बदलावी लागते, हेही विचारावे. जवळचे दुरुस्तीकेंद्र किती अंतरावर आहे ते विचारावे. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर ती चालू करून पाहू नये आणि चार्जही करू नये. घरी चार्ज करताना भूमितार नीट जोडली आहे याची तारतंत्र्याकडून खात्री करून घ्यावी. स्वस्तात बॅटरी उघडून देतो असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती तर गाडी कदापि देऊ नये.

सारांश, विजेच्या गाड्यांची दुरुस्ती वाढत्या मागणीला पुरी पडेल काय, या प्रश्नाचे उत्तर गॅरेजांची संख्या मोजून मिळणार नाही. गॅरेजे आहेत, हातही आहेत. २०२८ च्या आत त्या हातांपर्यंत विद्या, साधने आणि गाडीची माहिती पोहोचली, तर सेवा पुरी पडेल. ती पोहोचली नाही, तर चांगल्या गाड्या एका दुबळ्या घटापायी भंगारात जातील, आणि ज्या मिस्त्रीने आपली वाहने इतकी वर्षे चालती ठेवली तो आपल्याच नाक्यावर परका होईल. गाडी बदलली म्हणून मिस्त्रीला मागे ठेवण्याचे काही कारण नाही. त्याला बरोबर घेण्यास अद्याप अवधी आहे.