कोपरारक्षकाची पारख

कबड्डीत चढाईपटूची किंमत गुणफलक सांगून टाकतो. कोपरारक्षकाचे तसे नसते. ३० सेकंदांच्या चढाईत तो बहुतेक वेळा चढाईपटूच्या अंगाला हातही लावत नाही, आणि बऱ्याचदा तेच बरोबर असते. कुर्ला, घाटकोपर, भांडुप किंवा कांदिवलीच्या मंडळातून पुढे आलेला विशीतला पोरगा मुंबई उपनगर जिल्ह्याच्या निवड चाचणीतून राज्य स्पर्धेत उतरतो किंवा विद्यापीठाच्या संघात येतो. तिथे प्रो कबड्डीच्या संघांचे निरीक्षक त्याच्याकडे पाहू लागतात, आणि त्यांची खरी अडचण इथेच सुरू होते. चूक महागात पडते: २०१८च्या मुंबईतल्या लिलावात कोटीची बोली लागलेला पहिला खेळाडू चढाईपटू नव्हे, तर डावा कोपरारक्षक होता. इराणच्या फजल अत्राचलीला यू मुंबाने १ कोटीला घेतले.

पहिला प्रश्न वजनाचा. कुमार गटाची मर्यादा ७० किलोची, पुरुष गटाची ८५ किलोची. म्हणजे कुमार गटात ज्याने पकडींचा सपाटा लावला, त्याने ७० किलोपेक्षा जड चढाईपटू त्या गटात कधी धरलेलाच नसतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने मध्यरेषेकडे सुटलेल्या ७० किलोच्या खेळाडूचा संवेग ३५०, तर ८५ किलोच्या खेळाडूचा ४२५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. एक पंचमांशाहून जास्त वाढ. म्हणून कुमार गटातल्या आकड्यांवरून थेट बोली लावणे हा जुगारच. उभी उडी, १० मीटरची धाव, दिशा बदलून धावणे या चाचण्या उपयोगी आहेत, पण त्या फक्त नापास कोण ते सांगतात. उत्तम कोण ते सांगत नाहीत.

उत्तम कोण, हे घोटापकडीत दिसते. चढाईपटूचा पाय सेकंदाला ३ मीटर वेगाने सरकत असेल, तर डोळ्यांना दिसल्यापासून स्नायू हलेपर्यंत जाणाऱ्या सुमारे ०.२ सेकंदात तो ६० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. पाहून मग झेप घेणारा हमखास उशिरा पोहोचतो. जाणकार कोपरारक्षक पाय टेकण्याची वेळ आधीच ओळखतो. टेकलेल्या पायावर शरीराचा भार आला की तो पाय लगेच मागे घेता येत नाही. आधी भार दुसऱ्या पायावर न्यावा लागतो. घोट्याला मिठी पडायला हवी ती याच फटीत. हात, डोके आणि नजर यांनी हूल देता येते, कमरेने देणे फार अवघड, कारण शरीराचा गुरुत्वमध्य तिथेच आसपास असतो. चांगल्या रक्षकाची नजर म्हणूनच कमरेवर असते. टेनिस आणि क्रिकेटमध्ये संशोधक चित्रफीत मध्येच थांबवून पुढे काय होईल ते खेळाडूंना विचारतात, आणि अनुभवी खेळाडू नवख्यांपेक्षा कमी दृश्यांवरून अचूक सांगतात. हीच चाचणी मोबाइलवरच्या चढायांच्या चित्रफिती वापरून कोणत्याही मंडळाला घेता येईल. खर्च जवळपास शून्य, तरी ती क्वचितच घेतली जाते.

आता आकडे. यशस्वी पकडीचा एक गुण मिळतो, फसली तर साधारण एक जातो आणि रक्षकही बाद होतो. मग निम्म्याहून कमी पकडी जमणारा खेळाडू संघाला तोट्यातच नेतो, त्याच्या एकूण पकडी कितीही असोत. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना मात्र अव्वल पकडीचे दोन गुण असल्याने तीनात एक पकड साधली तरी गुणांचा हिशेब जुळतो. फक्त लोण चढण्याचा धोका वेगळा धरावा लागतो. म्हणजे सात जण मैदानात असताना उतावळेपणाने केलेली पकड आणि तिघे उरल्यावर केलेली तशीच पकड यांना एका रकान्यात मोजणे चूक आहे. त्यातही नमुना तुटपुंजा असतो. २५ प्रयत्नांत १५ पकडी साधलेल्याचे प्रमाण ६० टक्के दिसते, पण इतक्या कमी प्रयत्नांवरून त्याची खरी क्षमता ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. रक्षकाने न केलेल्या पकडींचीही नोंद निरीक्षकाने ठेवावी ती याचसाठी: चढाईपटू आवाक्यात असताना रक्षक का थांबला, आणि थांबणे योग्य होते का.

शिवाय पकड एकट्याची नसते. २०१५च्या विजेत्या यू मुंबात कोपऱ्यांवर मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा होते, मध्यात जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने. कोपरा घोटा धरेपर्यंत मध्यरक्षकाने मागे पळायची वाट बंद केलेली असे. २०१६मध्ये छिल्लरला ५३ लाखांना घेणाऱ्या बेंगळुरू बुल्सने नाडालाही सोबत घेतले, आणि पुढच्या हंगामात दोघे मिळूनच हरयाणा स्टीलर्सकडे गेले. जोडीची किंमत व्यवहारात मान्य झाली होती. तरुणाला चाचणीत अनोळखी जोडीदार देऊन दोन-तीन डाव खेळवले, की त्याचे यश स्वतःचे किती आणि शेजाऱ्याचे किती हे बऱ्यापैकी कळते.

शेवटी मैदान. उपनगरातले कित्येक सामने अजून मातीवर होतात, लीग मॅटवर. मॅटवर बुटाची पकड घट्ट, त्यामुळे चढाईपटू अधिक झटक्याने वळतो आणि मातीवर घसरून वाचणारा गुडघा मॅटवर पिळला जातो. झेपावून पकडणाऱ्या खेळाडूचे खांदे, बोटे आणि गुडघ्याचे अस्थिबंध करारापूर्वी तपासायलाच हवेत; मॅटवर सलग काही दिवस खेळवून त्याच्या झेपेची वेळ बदलते का, हेही तेव्हाच पाहता येते.